पांढऱ्या टाकीचा पत्ता

१४ मार्च २००२, गुरुवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी दुबईतल्या सतवा भागात रस्त्याच्या कडेला उभी राहून नोंदवहीत एक ओळ लिहिली: 'पाण्याची उंच टाकी, पांढरी. जागेवर नाही.' हातातल्या यंत्राने उपग्रहांकडून अक्षांश-रेखांश घेतले होते. चूक फार तर पाच मीटरची. त्या पाच मीटरांच्या वर्तुळात एक बहुमजली पार्किंग होते, एक कचऱ्याची पेटी होती आणि पेटीवर एक मांजर होते. टाकी नव्हती. मी टाकीच्या नावावर रेघ मारली आणि पुढच्या खुणेकडे निघाले.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पुण्याहून भू-माहितीशास्त्रात एमएस्सी करून मी जिथे वाढले त्या शहरात परतले होते, आणि गाड्यांसाठी शहराचा संगणकीय नकाशा बनवणाऱ्या एका कंपनीत लागले होते. पाच वर्षांत या शहरात कुणालाही कुणाला रस्ता विचारावा लागणार नाही, असे मी त्या काळात बऱ्याच लोकांना ऐकवत असे. हा अंदाज फारसा चुकला नाही. माझे चुकले ते वेगळ्या ठिकाणी, आणि ते कळण्यासाठी मला सायमन रुमाव या माणसाकडे नव्याने पाहावे लागले.

रुमाव अंकल वसईचे. १९७६ साली ते ड्राफ्ट्समन म्हणून दुबईला आले आणि आयुष्यभर कन्सल्टंट कंपन्यांच्या टेबलांवर सांडपाण्याच्या नळांची ड्रॉइंग करत राहिले. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात वेगवेगळ्या जाडीची तीन शाईपेने, आणि कागदावर घासून घासून कायमची निळसर झालेली उजव्या हाताची करंगळी. पण दुबई-शारजातल्या मराठी घरांना त्यांच्या सांडपाण्याशी कर्तव्य नव्हते. आमच्यासाठी ते लोकेशन मॅप काढणारे रुमाव अंकल होते.

ज्यांनी ते शहर त्या काळात पाहिले नाही त्यांना हे समजावून सांगावे लागेल. आमच्या घरांना पत्ते नव्हते. पत्रे ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येत. रस्त्यांना क्रमांक होते, पण ते पाटीखेरीज कुणालाच ठाऊक नसत. पिझ्झावाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना घर सांगायचे ते खुणांनी: अमुक गोल चक्कर, तमुक बँकेची इमारत, मग लाल सुपरमार्केट, त्याच्या मागे. म्हणून प्रत्येक निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर एक छोटा नकाशा छापलेला असे. बाकी लोकांचे नकाशे पाहून पाहुणे फोन करत. रुमाव अंकलचा नकाशा असेल तर पाहुणे थेट दारात येत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. नकाशा काढण्याआधी ते त्या घरी एकदा टॅक्सीने जात, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून. स्वतःची गाडी असताना टॅक्सी का, असे माझ्या बाबांनी एकदा विचारले होते. "स्वतःच्या गाडीत माणूस घरी जातो," ते म्हणाले. "टॅक्सीत बसलं की पाहुणा होतो." प्रत्येक वळणाला ते तीन खुणा देत. एक लांबून दिसणारी, एक दिवे लागल्यावर दिसणारी आणि एक लोकांच्या तोंडी असलेली. तीनपैकी दोन जरी गेल्या तरी माणूस वळला पाहिजे, हा त्यांचा नियम होता, आणि त्यात ते कुणाला सवलत देत नसत. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात स्टेन्सिलने 'प्रमाणात नाही' असे लिहीत आणि उत्तरेचा बाण कधीही काढत नसत.

१९९३ साली आम्ही शारजात राहायला गेलो. आईबाबांच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाचे जेवण होते, शुक्रवारी दुपारी. पत्रिकेचा कच्चा नकाशा घेऊन अंकल आले. मी पंधरा वर्षांची होते आणि भूगोलात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

"अंकल, व्हेअर इज नॉर्थ?" मी विचारले.

"बाय, तुझ्या आईकडे लोक जेवायला येणार आहेत. उत्तरेला कोण जाणार आहे?"

"बट इट्स नॉट अ मॅप विदाउट नॉर्थ."

"बरोबर आहे तुझं. याला मॅप म्हणू नको. ही चिठ्ठी आहे."

त्या दिवशी बेचाळीस माणसे आली आणि आमचा फोन एकदाही वाजला नाही. शेवटी आले ते बाबांचे इंजिनियर मित्र देशमुखकाका. त्यांनी अंकलची चिठ्ठी बाजूला ठेवून नगरपालिकेचा अधिकृत नकाशा वापरला होता. "जरा शेजारचं अजमान पाहून आलो," हात धुताना ते म्हणाले. रुमाव अंकलनी त्यांच्या पानात श्रीखंडाचा एक चमचा जास्त वाढायला सांगितला. माणूस लांबून आलेला आहे, म्हणाले.

खुणांवर त्यांचा जीव होता असे मी म्हणणार नाही. त्यांचे खुणांशी व्यवहाराचे नाते होते, पण ते नाते ते समोरच्याकडूनही पाळून घेत. त्यांच्या घराच्या रस्त्यावर, वळणावर कोया नावाच्या मलबारी गृहस्थाचे किराणा दुकान होते, हिरव्या पाटीचे. एकदा कोयाने पाटी लाल रंगवायला काढली. अंकल ऑफिसला निघाले होते. त्यांनी शिडीच बाजूला करायला लावली.

"कोयाभाई, आप की हरी पाटी पे चालीस घर मुड़ते हैं."

"रुमाव साब, ये दुकान है या सिग्नल?"

"सिग्नल तो लाल भी होता है. आप हरे हो, हरे ही रहो."

तडजोड अशी झाली की पाटी लाल रंगली, पण वरच्या कडेला हातभर रुंद हिरवी पट्टी राहिली. ती पट्टी कशासाठी आहे असे नवे गिऱ्हाईक विचारी, तेव्हा कोया म्हणे, "वो साब का है."

त्यांच्या घरी प्रत्येक भागाचा एक मूळ ट्रेसिंग पेपर होता. शहरात काही पाडले गेले की ते दाढीच्या ब्लेडच्या कोपऱ्याने तेवढी शाई हलकेच खरवडून काढत आणि तिथे नवी खूण भरत. जुने ड्राफ्ट्समन असेच करत. पण शहर इतक्या वेगाने बदलत होते की काही ठिकाणी कागद झिजून कांद्याच्या सालीसारखा झाला होता. उजेडासमोर धरला की शहर कुठे कुठे किती वेळा बदलले ते त्या पातळपणावरून मोजता येई. मी विज्ञानाची विद्यार्थिनी; मला हे फार आवडले. मी पुण्याला जाण्यापूर्वी एकदा ते सतव्याचा कागद आमच्याकडे शारजाला घेऊन आले, तेव्हा मी त्यावरच्या पातळ जागा मोजल्या होत्या. एकोणतीस. एकच खूण अशी होती जिथे ब्लेड कधीच लागले नव्हते: त्यांच्या घरासमोरची पांढरी टाकी. तेव्हा मला वाटले, टाकी उभी आहे, म्हणून. ती १९९६ सालीच पाडली गेली होती, आणि मी कागद मोजला तो १९९८ मध्ये. प्रत्यक्ष जागा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मला पुढे प्राध्यापकांनी शिकवले.

तर २००२. मी टाकीच्या नावावर रेघ मारली त्याच आठवड्यात अंकल आमच्याकडे मराठी मंडळाच्या सहलीच्या पत्रिका घेऊन आले. सहलीची बस त्यांच्या घरासमोरून सुटणार होती. मी पत्रिका उलटली. शेवटच्या वळणाला तीन नावे होती: कोयाचे दुकान, पार्किंगची इमारत आणि पांढरी टाकी.

"अंकल, ही टाकी सहा वर्षांपूर्वी पाडली."

"माहीत आहे."

"तुमच्या समोरच पाडली असेल."

"गॅलरीतून बघितली. चार दिवस लागले. मजबूत होती."

"मग नकाशात कशी?"

"लोक येतात ना बरोबर?"

"येतात ते बाकीच्या दोन खुणांमुळे. ही चूक आहे." मी आत जाऊन नोंदवही आणली आणि माझी ओळ त्यांना दाखवली. आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्याकडे मी दुर्लक्ष केले. अंकलनी ओळ वाचली, रेघेवरून निळसर करंगळी फिरवली.

"ही रेघ मारल्यावर काय होतं?"

"नाव आमच्या नकाशात येत नाही."

"कुठल्याच गाडीत येत नाही?"

"कुठल्याच."

ते चहा अर्धा ठेवून गेले. त्यांना चहा अर्धा ठेवताना मी तोवर पाहिले नव्हते.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, दुबईच्या देरा भागात मी टॅक्सी शोधत होते आणि ते मला रांगेत दिसले. "कुठे चाललीस? ये, आमच्या घरी चल," म्हणाले. ते नेहमीप्रमाणे पुढे बसले, मी मागे.

"सफेद टंकी," त्यांनी ड्रायव्हरला सांगितले.

ड्रायव्हर पेशावरकडचा होता. "कौन सी टंकी, चाचा?"

"सतवा में. बड़े सिग्नल के बाद, पेट्रोल पंप से पहले, दाहिने हाथ."

"उधर टंकी है?"

"थी. अभी नाम है. सब सफेद टंकी बोलते हैं."

वाटेत तीन वेळा त्यांनी ते नाव या ना त्या निमित्ताने घेतले. उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "अगली बार कोई बोले सफेद टंकी, तो यही है." ड्रायव्हरने हसून मान डोलावली. टॅक्सी गेली. घर समोर होते, त्यांच्या पत्नी सेसिल आंटी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होत्या. अंकल मात्र घराकडे न जाता रस्ता ओलांडू लागले.

"अंकल, घर इकडे आहे."

"हो. अजून दोन फेऱ्या आहेत. तू वर जा, आंटीने पॅटिस केलेत."

ते पलीकडून बस पकडून बुर दुबईला गेले, तिथून दुसरी टॅक्सी करून पुन्हा 'सफेद टंकी'ला आले, मग तिसरी. मी गॅलरीतून पाहत होते. मी तेव्हा काढलेला निष्कर्ष असा: वय, एकटेपणा, बदल न स्वीकारणे. तीन शब्दांत माणूस निकालात निघाला.

"किती दिवसांपासून हे चाललंय?" मी आंटींना विचारले.

"टाकी पडली त्या आठवड्यापासून. दर शुक्रवारी. चर्चमध्ये मिस्सा झाली, जेवण झालं, की निघाले." आंटी कपड्यांच्या घड्या करत होत्या. "तू नाव पुसलंस म्हणून सांगत होते."

"आंटी, टाकीच नाहीये तिथे."

"टाकी कुणाला पाहिजे, बाय? पेद्रूकडे एकच नकाशा आहे."

पेद्रू म्हणजे अंकलचा धाकटा भाऊ. तो जहाजावर इंजिनखोलीत होता. वडिलांशी त्याचे बोलणे तुटले होते आणि वसईच्या घरात पाऊल ठेवणार नाही असे सांगून तो निघाला होता. पत्र लिहिणाऱ्यातला तो नव्हता. त्याचे जहाज तेल भरायला फुजैराला लागले की तो किनाऱ्यावर उतरण्याचा परवाना घेई, डोंगर ओलांडून येणाऱ्या टॅक्सीत बसे आणि न कळवता दारात उभा राही. असा तो १९७९ साली आला, १९८३ साली आला. त्या दुसऱ्या खेपेला रस्ता चुकून अर्धा दिवस उन्हात फिरला, म्हणून अंकलनी त्याला एक नकाशा काढून दिला. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला लोकेशन मॅप. १९८८ साली तो नकाशा घेऊन पेद्रू बिनचूक आला. त्यानंतर आला नाही.

१९९० साली वडील वारले. अंकल तेव्हा वसईत होते. वडील शेवटचे दोन दिवस पेद्रूला हाक मारत होते, दुसऱ्या कुणाला नाही. पेद्रूला हे माहीत नाही. वडील गेले हेही माहीत नाही. त्यानंतरच्या वर्षी अंकलची जुनी कंपनी बंद पडली आणि तिचा पोस्ट बॉक्स दुसऱ्या कुणाला गेला. १९८८ साली घरात फोन नव्हता, त्यामुळे पेद्रूकडे नंबरही नव्हता. फुजैराला जाऊन अंकलनी जहाजांच्या एजंटांकडे विचारले होते. जहाज विकले गेले होते आणि खलाशी पांगले होते. राहिला तो पेद्रूच्या खिशातला कागद.

संध्याकाळी अंकल परतल्यावर मी त्यांना त्या कागदाविषयी विचारले. त्यांनी तो माझ्यासाठी आठवणीने पुन्हा काढला. सगळी वळणे स्वच्छ. शेवटच्या वळणाला एकच चित्र होते: चार खांबांवरची टाकी, खाली 'पांढरी टाकी' असे मराठीत आणि इंग्रजीत.

"नवशिका होतो," ते म्हणाले. "एका वळणाला एकच खूण दिली. तीन द्यायला पाहिजे होत्या. टाकी आहे, कुठे जातेय, असं वाटलं." त्यांनी पेनाला टोपण लावले. "तो आला तर टॅक्सीवाल्याला काय दाखवणार? टाकी. टॅक्सीवाल्याला तेवढं माहीत पाहिजे. वर आला की मी सांगेन, बाबा तुझं नाव घेत होता. एवढंच सांगायचंय. मग जा म्हणावं कुठे जायचंय तिकडे."

माझ्या कंपनीचा एक नियम होता. प्रत्यक्षात नसलेल्या वास्तूचे नावही 'स्थानिक नाव' म्हणून नकाशात घेता येई, जर विचारलेल्या टॅक्सीचालकांपैकी किमान एक चतुर्थांशांना ते स्वतंत्रपणे ठाऊक असेल. मी तीन शुक्रवार तीन टॅक्सीथांब्यांवर उभी राहिले आणि तीस चालकांना विचारले. फॉर्मवर दोन रकाने होते: नाव माहीत आहे का, आणि कुणाकडून कळले.

तीसपैकी नऊ जणांना सफेद टंकी माहीत होती. मला आनंद झाला, तो दुसरा रकाना भरू लागेपर्यंत.

"एक चाचा है, हमेशा आगे बैठता है."

"वो साब, जेब में पेन वाला. दो बार ले गया मैं."

"एक बुड्ढा आदमी. उसने मेरे को पूरा रस्ता सिखाया, हालाँकि मैं इधर बारह साल से हूँ."

नऊच्या नऊ. दुसरे कुणाचेही नाव आले नाही. शहराने टाकी सहा वर्षांत विसरून टाकली होती. तिची जी काही आठवण शिल्लक होती ती एका माणसाने शुक्रवारी शुक्रवारी, एकेका ड्रायव्हरमागे, पेरलेली होती. आणि तो माणूस समजत होता की ती आपोआप टिकून आहे, आपण फक्त थोडे पाणी घालतो. 'स्वतंत्रपणे' या शब्दाची अट एकाही उत्तराने पूर्ण होत नव्हती. माझ्या हाताखालच्या कुणी असा नमुना आणला असता तर मी तो परत केला असता.

मी दुसऱ्या रकान्यात नऊ वेळा 'टॅक्सीचालक' असे लिहिले आणि सही केली. नाव नकाशात गेले.

त्या रात्रीच्या जेवणाला मी त्यांच्याकडे होते. "किती?" दार उघडताच त्यांनी विचारले.

"तीसपैकी नऊ."

ते क्षणभर हिशेब करत राहिले. "तीस टक्के. सहा वर्षं झाली टाकी जाऊन." मग आत वळून म्हणाले, "सेसिल, ऐकलंस? तीसात नऊ. मी सांगत होतो ना, लोक विसरत नाहीत."

आंटी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की त्यांना कळले आहे. कदाचित माझ्या आधी सहा वर्षे. "बस, बाय," त्या म्हणाल्या. "मासे गरम आहेत." तिघेही जेवलो. अंकल त्या दिवशी फार बोलले.

त्यानंतरचे वर्ष लवकर गेले. त्यांच्या दुमजली इमारतीला नोटीस लागली. तो सगळा पट्टा पाडून तिथे टॉवर येणार होता. मे २००३ मध्ये अंकल साठ वर्षांचे झाले आणि कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही. सत्तावीस वर्षांचे घर अकरा खोक्यांत भरले गेले. कोयाच्या दुकानाची ओळ पाडायच्या पट्ट्याबाहेर होती. अंकलनी वसईचा पत्ता आणि फोन लिहिलेला एक लिफाफा कोयाकडे दिला. वर पेद्रूचे नाव होते.

"आएगा तो दूँगा," कोया म्हणाला.

"पूछेगा सफेद टंकी."

"मालूम है, साब. पूरे सतवा को मालूम है."

कोयाही सत्य सांगत नव्हता. आम्ही सगळेच त्या माणसाशी त्या बाबतीत मऊपणाने वागत होतो, आणि मला आजही ठरवता येत नाही की ते बरे केले की वाईट. त्याला खरा आकडा कळला असता तर तो आणखी जास्त फेऱ्या मारत बसला असता, की थांबला असता?

शेवटचा आठवडा ती दोघे आमच्याकडे शारजात राहिली. निघायच्या दिवशी दुपारी मी गाडी काढली होती. अंकल नको म्हणाले. "तू ऑफिसला जा. आम्ही टॅक्सीने जातो." आईने डब्यात पुरणपोळ्या दिल्या, आंटी तिच्या गळ्यात पडून थोडे रडल्या, अंकलनी बाबांचा हात धरून ठेवला. मला म्हणाले, "बाय, उत्तर सांभाळ." आणि स्वतःच हसले.

ते पुढे बसले. खिडकीची काच खाली होती.

"एअरपोर्ट?" ड्रायव्हरने विचारले.

"एअरपोर्ट. मगर सफेद टंकी होके."

"वो किधर पड़ता है, चाचा? उल्टा नहीं होगा?"

"उल्टा है. टाइम है हमारे पास. मैं बताता हूँ." मागच्या सीटवर सेसिल आंटींनी मांडीवरची पर्स नीट केली आणि बाहेर पाहू लागल्या. टॅक्सी वळणाशी पोचली तेव्हा अंकलचा हात खिडकीतून बाहेर आला होता, निळसर करंगळी ताठ, उजवीकडे दाखवत. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही. वसईहून ख्रिसमसला एक कार्ड आले. पाठीवर स्टेशनपासून त्यांच्या घरापर्यंतचा नकाशा होता, प्रत्येक वळणाला तीन खुणा, उत्तरेचा बाण नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये कंपनीने सर्व स्थानिक नावांची फेरतपासणी काढली. तोवर शहराच्या दक्षिणेला वाळूत नव्या टॉवरांचे पाये खणले जात होते आणि त्या टॉवरांची नावे, विटेवर वीट चढण्याआधीच, आमच्या नकाशात आलेली होती. नसलेल्या गोष्टींना नकाशात जागा आहे, फक्त त्या पुढच्या काळातल्या असाव्या लागतात. सतव्याचा भाग दुसऱ्या सर्वेक्षकाकडे होता. मी तो मागून घेतला.

या वेळी नमुना चाळीसचा होता आणि मी ठरवले होते की दोन्ही रकाने खरे भरायचे. दोन दिवस मी त्याच तीन थांब्यांवर उभी होते. "सफेद टंकी? नहीं मैडम." "कौन सा इमारत?" "लोकेशन दे दो ना." एक जण म्हणाला, "वो चाचा कहाँ गया आजकल?" दुसऱ्याला अंकलनी शिकवलेला रस्ता पाठ होता, बोटांवर मोजत त्याने तो म्हणून दाखवला. चाळीसावा ड्रायव्हर गाडी पुसत होता. विशीतला असावा, आठ महिन्यांपूर्वी आलेला.

"हाँ, मालूम है," तो म्हणाला. "सतवा में. बड़े सिग्नल के बाद, पंप से पहले, दाहिने."

"एक चाचा ने बताया?"

"कौन चाचा? हमारे कमरे में एक बंदा था, मुहैस्नाह में. उसने बताया. सब जगह के नाम बताता था."

"आपने टंकी देखी है?"

"टंकी तो नहीं है उधर. बोलते हैं बस."

"कभी किसी ने पूछा? कोई सवारी?"

त्याने फडके पिळले आणि विचार केला. "नहीं मैडम. आप पहली हो."

मी गाडीत बसून फॉर्म पूर्ण केला. एक चतुर्थांश म्हणजे दहा. नाव नकाशातून जाणार हे उघड होते. दुसऱ्या रकान्यात या उत्तरासाठी नीट जागा नव्हती, म्हणून मी शेवटची ओळ समासात लिहिली. विचारलेले चालक: चाळीस. नाव माहीत असलेले: तीन. त्यांपैकी सायमन रुमाव यांना कधीही न भेटलेले: एक.